एका दमाचा विक्रम

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास पेपरात एक बातमी आली. परदेशात कुठल्याशा वाळवंटात जेट इंजिनाच्या मोटारीनं जमिनीवर पळण्याचा जगातला विक्रम मोडला, आणि वर आवाजाचा वेगही मागं टाकला. मी तेव्हा बारामतीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. बातमी दुपारी वर्गात वाचून दाखवली, मुलांनी तोंडानं इंजिनाचे आवाज काढून तास उधळला, आणि संध्याकाळी घरी येऊन तीच बातमी मी नवऱ्याला वाचून दाखवली. तो जेवत होता. घास हातात तसाच धरून त्यानं विचारलं, "इंजिन कसलं म्हणालीस?"

मी ताटाशेजारी भुईमुगाच्या शेंगा मांडून त्याला जेट इंजिन समजावलं. पुढून हवा आत घ्यायची, ती दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तापलेली हवा मागून जोरात सोडायची. हवा मागं जाते म्हणून गाडी पुढं जाते. चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं, ती आपली नुसती फिरतात.

"म्हंजे गिअर न्हाय, क्लच न्हाय?"

"काही नाही."

"मग सोप्पं हाय की," तो म्हणाला आणि घास तोंडात टाकला.

माझ्या नवऱ्याला सगळंच सोपं वाटतं. बारामतीला लागूनच जळोचीत आमचं घर आणि वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. उसाच्या ट्रॉल्या, नांगर, बंगल्यांची गेटं, जे येईल ते तो करायचा. शिक्षण आयटीआयपर्यंत, पण हातात वेल्डिंगचा होल्डर आला की जगातली कुठलीही वस्तू त्याला पत्रा, अँगल आणि पाइप एवढ्यातच दिसायची. मला त्याचं हे फार आवडायचं आणि याच गोष्टीचा संतापही यायचा. अजून दोन्ही होतं.

"आणि विक्रम कुणाचा मोडणार?" मी चेष्टेनं विचारलं. "जगाचा?"

तो हात धुवायला उठला होता. "जगाचा कशाला," तो म्हणाला. "आबांचा."

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. उजनीचं धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. गाव वर माळावर पुन्हा वसलं, आबा मात्र बायकामुलांना घेऊन जळोचीला आले. जुन्या गावाला नदीकडेला एक लांबलचक सपाट रान होतं. तिथं दर वर्षी बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या. आबा तरणेबांड असताना त्यांच्या जोडीनं तिथं असा काही पल्ला मारला की तो पुढं कुणालाच मारता आला नाही. मग मैदानच बुडालं, त्यामुळे विक्रम कायमचा आबांच्या नावावर राहिला. चहाच्या टपरीवर नवा माणूस दिसला की आबा तिसऱ्या वाक्याला त्या बैलांवर येत. मी मनातल्या मनात त्याला पाण्यातला विक्रम म्हणायचे.

पण तो विक्रम म्हणजे त्यांना काय होता, ते मला लग्नानंतर हळूहळू कळलं. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन-तीन वर्षांत आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला होता, गावकीची कामं सोडली होती, आणि गावातल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नव्हतं. अशात आबांनी वतनाच्या तुकड्यावर राबून एक जोडी वाढवली आणि सरळ शर्यतीत आणून उभी केली. खूप खुसफूस झाली. नाव घ्यायचं की नाही यावर दोन दिवस बैठक चालली म्हणतात.

त्या शर्यतीत घड्याळ नव्हतं. वेळ मोजायचा तो माणसाच्या दमावर. हुतूतूचा गावातला सगळ्यात पट्टीचा खेळाडू शेवटच्या दगडाशी उभा राहायचा. निशाण पडलं की तो 'हुतूतूतू' सुरू करायचा, आणि त्याचा दम तुटायच्या आत गाडी दगडापाशी आली तर पल्ला मारला. त्यानं मधे चोरून श्वास घेऊ नये म्हणून त्याच्या पाठीवर दुसऱ्याचा तळहात असे. मानकरी, म्हणजे आधी पल्ला मारलेला माणूस, असेल तर त्याचा हात, नसेल तर गावातल्या एखाद्या जाणत्याचा. पल्ला इतका लांब होता की तोवर एकही गाडी त्या दमात बसली नव्हती, म्हणून मानकरीच नव्हता.

आबांची जोडी पळाली तेव्हा दम धरायला तात्या होते. मराठ्यांच्या घरातले, आबांच्याच वयाचे, नदीत पोहून पोहून छाती भरलेली. बैल अर्ध्यावर आले तेव्हा भोवतीची माणसं तात्यांच्या कानाशी येऊन "सोड, सोड" म्हणत होती. तात्यांनी सोडला नाही. बैल दगड ओलांडून गेले तेव्हा त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता आणि हुतूतू चालूच होतं. पाठीवर ज्याचा हात होता त्या म्हाताऱ्यालाही मग खरं ते सांगावं लागलं, दम तुटला नव्हता. नंतर कुणीतरी तात्यांना विचारलं, एवढा कशाला ताणलास? तात्या म्हणाले, "दम हुता म्हणून धरला. नसता तर सोडला असता." बस्, एवढंच. आबा आणि तात्यांची दोस्ती त्या दिवसापासूनची.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आबांचा अभिमान वाटला आणि लगेच माझ्यातली फिजिक्सची बाई जागी झाली. "आबा, तात्यांचं आता वय झालं," मी म्हणाले. "त्यांचा दम आखडला असणार. मीटरपट्टीच दर वर्षी लहान होत गेली तर मोजायचं कसं?"

"लहान झाली तर मोडनाऱ्याला अवघड," आबा म्हणाले. "मला काय त्याचं?"

माझ्या नवऱ्याला खरं तर विक्रमाशी काही घेणं नव्हतं. त्याला पाहिजे होतं ते एवढंच, की आबांनी एकदा त्याच्या कामाकडं बघावं. रान पाण्यात गेलं, बैल विकले, तेव्हा आबांना वाटत होतं की पोरगा दुसऱ्याचं रान वाट्यानं करील, पुन्हा जोडी उभी करील. पोरगा गेला आयटीआयला. तेव्हापासून आबा रोज सकाळी वर्कशॉपच्या दाराशी येऊन सिमेंटच्या एका पाइपवर बसायचे, तोंड रस्त्याकडं आणि पाठ वर्कशॉपकडं. इतक्या वर्षांत ते कधी आत आले नाहीत. गिऱ्हाइकानं ट्रॉलीचं कौतुक केलं तर म्हणायचे, "लोखंड काय, कुणीबी चिकटवतंय." त्या दिवशी नवरा जेवताना बोलायचा नाही. मी मग उगाच कॉलेजातल्या गमती सांगत बसायचे, आणि आबांचा मला मनस्वी राग यायचा.

तर अशी ती जेट गाडी सुरू झाली. पुण्याच्या भंगारबाजारातून त्यानं एका खाणीवरच्या डंपरचा टर्बोचार्जर आणला. हवा दाबायचं यंत्र त्यात तयारच असतं, आणि ते फिरवायचं चाकही. मधे रॉकेल जाळायला त्यानं स्टेनलेसच्या पाइपाचा डबा केला. डब्याला भोकं किती आणि केवढी पाडायची हे मी वहीत गणित मांडून सांगायचे, तो मान डोलवायचा आणि मग अंदाजानं पाडायचा. तीन डबे जळून गेले. चौथ्यानं पेट घेतला आणि अख्ख्या जळोचीनं कानावर हात ठेवले.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. प्रेशर कुकरची शिट्टी सुरू होऊन थांबायचं नाव घेऊ नये, तसं काहीसं, फक्त कुकर ट्रकएवढा. मागून निळसर ज्वाळा निघाली आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या कॉटनच्या साडीचा पदर तांबूस झाला. नवरा आनंदानं नाचत होता. मी त्याला साडी दाखवली, तर म्हणतो, "बघ, जोर केवढा हाय!"

शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी तरातरा आल्या. "त्या भोंग्यानं माज्या म्हशीनं पान्हा चोरला," त्या म्हणाल्या. "दूद तुमी घालनार का?" मग ठरलं की इंजिन दुपारीच चालवायचं, धारा काढायच्या वेळी नाही. बारामतीत जेट इंजिनाचं वेळापत्रक म्हशीच्या सोयीनं लागलेलं हे पहिलंच असावं.

आबा पाइपवरच बसून होते. पहिला आवाज झाला तेव्हा ते दचकून उभे राहिले, एवढं मी पाहिलं. पण मागं वळले नाहीत.

गाडीचा सांगाडा करताना मात्र माझं आणि नवऱ्याचं जोरात वाजलं. मी हिशेब करून सांगितलं होतं की या इंजिनाचा रेटा फार नाही, गाडी सायकलसारखी हलकी पाहिजे. त्यालाही ते पटलं होतं. पण वर्कशॉपमध्ये दिवसभर माणसांची ये-जा. माळेगावच्या कारखान्याला ऊस घालणारे, वडगाव निंबाळकरचे दूधवाले, सगळे ट्रॉली दुरुस्तीला येणार आणि चहा येईपर्यंत गाडीभोवती फिरणार. आमच्या भागात लोखंडाच्या वस्तूचं एकच कौतुक असतं, ती दणकट आहे. कुणी गाडी हलवून बघायचं आणि म्हणायचं, "हितं एक पट्टी मारा, हलतंय." नवरा पट्टी मारायचा. दुसरा म्हणायचा, "स्कूटरची चाकं? मोडतीली की." स्कूटरची चाकं गेली आणि ऊस वाहणाऱ्या टायरगाडीची चाकं आली. तिसऱ्याला पुढचा पत्रा पातळ वाटला. आला तो प्रत्येक जण एक सल्ला आणि दोन किलो लोखंड घालून गेला. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही ही आमच्या धंद्याची सवय, आणि नवऱ्याला हे समजेना की या गाडीचं गिऱ्हाईक तो स्वतः आहे.

"अहो, ही जेट गाडी आहे की रणगाडा?" मी म्हणाले.

"दणकट हाय," तो समाधानानं म्हणाला.

मी कपाळावर हात मारून घेतला.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं. मे महिन्यात ते इतकं खाली गेलं की जुनं गाव उघडं पडलं. विहिरींची तोंडं, पडक्या भिंती आणि नदीकडेचं ते रान, भेगाळलेलं पण कडक आणि पाटासारखं सपाट. एरवीही पाणी उतरलं की जुन्या गावची माणसं आपापलं घर कुठं होतं ते बघायला तिथं जातात, लेकीबाळींना दाखवतात. काही जण गाळावर चाऱ्याचं बी फेकतात आणि पाणी चढायच्या आत पीक काढून घेतात. त्या वर्षी जेट गाडी येणार म्हणून जरा जास्तच माणसं जमली.

गाडी ट्रॉलीवर चढवून ट्रॅक्टरनं नेली. आबा माझ्याबरोबर एसटीनं आले. इंदापूरच्या रस्त्यानं अख्खा वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच बोलले. "मोडला तर मोडला," ते म्हणाले, "पर घासून मोडाय पायजे. फुकट न्हाय." आणि परत खिडकीकडं वळले. तोवर मी फक्त नवऱ्याच्या बाजूनं विचार करत होते. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की या माणसाचं गाव गेलं, रान गेलं, बैल गेले, राहिली आहे ती एवढी एकच गोष्ट, आणि तीही आम्ही आज न्यायला निघालोय. मला एकदम वाटलं, गाडी सुरूच होऊ नये.

तात्या दगडापाशी आधीच येऊन बसले होते. वाळलेले, डोक्यावर पांढरा पटका, हातात काठी. मी पाया पडले तर म्हणाले, "सूनबाई, सकाळधरनं कुनाशी बोललो न्हाय. दम साठवतोय." आणि मग अर्धा तास मला जुन्या गावच्या गोष्टी सांगितल्या.

सुरुवातीला आबांनी त्रिसरण म्हटलं, गावकऱ्यांनी नारळ फोडला, कुणाचीच हरकत नव्हती. एका हौशी माणसानं झेंडूचा मोठा हार आणला होता. नवीन गाडीला घालतात तसा त्यानं तो पुढं घातला, नेमका हवा आत घ्यायच्या तोंडावर. मी ओरडत धावले आणि हार ओढून काढला. तो माणूस हिरमुसला. मग मी तो हार तात्यांच्या गळ्यात घातला, तेव्हा सगळे हसले.

नवरा गाडीत बसला. डोक्यावर कुणाचं तरी मागून आणलेलं स्कूटरचं हेल्मेट. इंजिन फिरवायला ब्लोअर लावला, रॉकेल सोडलं, पेटवलं. इंजिन किंचाळलं. बगळे उडाले, पोरं मागं पळाली, मागची धूळ आभाळात गेली. निशाण पडलं.

गाडी जागची हलली नाही.

त्यानं रॉकेल वाढवलं. आवाज वाढला, ज्वाळा लांब झाली, गाडी थरथरली आणि तिथंच थांबली. गोठ्यातली म्हैस दावं ओढते पण जागा सोडत नाही, तसं. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं. त्या शांततेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. हेल्मेट काढल्यावर नवऱ्याचा चेहरा दिसला तो मला बघवेना. तो माणसांकडं बघत नव्हता, आबांकडं बघत होता.

मला हसणाऱ्यांचा इतका राग आला की मी तिथंच सुरू झाले. "हसता काय? ही पट्टी कुणी मारायला लावली? हा पत्रा कुणाचा सल्ला? या चाकांचा सल्ला कुणाचा?" निम्मे जण ओळखीचेच होते, ट्रॉलीची गिऱ्हाइकं. "आता काढा सगळं," मी म्हणाले. "ज्यानं जे लावायला सांगितलं त्यानं ते काढायचं."

आणि खरोखर काढायला लागले. जे नटबोल्टवर होतं ते पान्यानं सुटलं. पण बरंच वेल्डिंगचं होतं, आणि गॅस कटर काही आणलेला नव्हता. मग छिन्नी-हातोडे निघाले. उन्हात माणसं घामाघूम होऊन गाडी सोलत बसली. एका आडव्या अँगलवर तिघं दमले, जोड काही तुटेना.

"सरका," आबा म्हणाले.

ते कधी जवळ आले ते मला कळलंच नाही. त्यांनी हातोडा घेतला, छिन्नी जोडावर धरली आणि घाव घातला. परत घातला. त्या वयातही हात जड होता त्यांचा. जोडावर नुसता पांढरा ओरखडा उमटला. आबा खाली बसले, जोडावरनं बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ह्यो कुनी मारला?" त्यांनी विचारलं.

"मीच," नवरा म्हणाला.

"हं," आबा म्हणाले. त्यांनी हातोडा खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे ह्यो. दुसरं काडा."

चाकं मात्र गेली. बघायला आलेल्या एका भल्या माणसानं आपल्या लुनाची दोन्ही चाकं दिली, मागच्या बाजूला ती बसली. पुढं सायकलीची. अँगल तोडून, पत्रे काढून जे उरलं त्याला गाडी म्हणायला धाडस लागलं असतं. एक सीट, एक सांगाडा आणि पाठीमागं तो भोंगा. पण एका हातानं ढकलली तर ती सरकली.

"ढकलून द्यावी लागेल सुरुवातीला," नवरा चाचरत म्हणाला. "चालंल का, आबा?"

सगळे आबांकडं बघायला लागले. नियम सांगणारे आता तेवढेच होते. आबांनी विचार केला. "गाडी सोडताना बैलांनाबी चार मानसं रेटा द्यायची," ते म्हणाले. "चार मानसं चालतील. पाचवा न्हाय."

मग ते तात्यांमागं जाऊन उभे राहिले. मानकरी तेच, म्हणून पाठीवर हात त्यांचाच. मी कॉलेजच्या लॅबमधलं स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभी राहिले. त्याला इथं काही किंमत नव्हती, पण हातात काही नसलं की मला चैन पडत नाही. तात्यांनी एक खोल श्वास घेतला. छाती फुगली तेव्हा झेंडूचा हारही वर उचलला गेला.

निशाण पडलं. चौघांनी रेटा दिला आणि गाडी निघाली.

निघाली! सुरुवातीला चालणाऱ्या माणसाएवढी, मग पळणाऱ्या, मग ढकलणारे चौघं मागं राहिले आणि ती आपली आपण यायला लागली. फार वेग होता, असं मी सांगणार नाही. एखादी बरी स्कूटर तिला हसत हसत मागं टाकून गेली असती. पण चाकाला काही जोडलेलं नाही, पुढं काही ओढत नाही, आणि माझा नवरा त्या सांगाड्यात वाकून बसून धुळीच्या लोटापुढं येतोय, हे बघून मी लहान मुलीसारखी किंचाळत होते. मला माझंच ऐकू येत नव्हतं. कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. गर्दी सगळी गाडीकडं बघत होती.

मी मधेच तात्यांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, पण त्या गोंगाटात हुतूतू ऐकू येणं शक्यच नव्हतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. डोळे पाण्यानं भरले होते. गाडी जवळ आली, अजून जवळ आली, आणि दगड अजून चार-पाच बैलगाड्यांच्या अंतरावर असताना तात्यांचे ओठ थांबले आणि खांदे वर गेले. त्यांनी श्वास घेतला. हार वर उचलला गेला, ते मी स्वच्छ पाहिलं. आबांचा तळहात त्यांच्या पाठीवर सपाट टेकलेला होता.

गाडी दगडावरून गेली. पुढं बरीच लांब जाऊन थांबली. इंजिन बंद झालं आणि कानात नुसतं गुणगुणत राहिलं. नवरा उतरून पळत आला, हेल्मेट तसंच डोक्यावर. सगळे आबांभोवती गोळा झाले.

आबांनी हात अजून उचलला नव्हता. ते तात्यांच्या पटक्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी मान वर केली.

"मोडला," ते म्हणाले.

तात्यांनी वळून त्यांच्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, पण..."

"मास्तरीनबाई," आबा म्हणाले, "ते घड्याळ ठेवा पिशवीत."

मी ठेवलं. तात्या काठीवर दोन्ही हात टेकून दम खात होते. कुणीतरी विचारलं, "तात्या, दम हुता ना?" "पाठ माजी हाय," तात्या म्हणाले, "पर सांगायचा मान हाताचा. हात म्हनंल तसं."

मग एकच कालवा झाला. नवऱ्याला खांद्यावर घेतलं, त्यानं नको नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही. बाजूच्या कोळ्यांनी मासळी तळली, आम्ही भाकरी आणल्या होत्या, सगळ्यांनी पडक्या भिंतीच्या सावलीत बसून खाल्लं. आबा एकेका पोराला बोलावून सांगत होते की बैलांना या पल्ल्याला मधेच कुठं दमायला व्हायचं आणि गाडीला कसं झालं नाही. लुनावाला आपली चाकं मागायलाच विसरून गेला होता, वरच्या गावात गेल्यावर काढून देतो असं त्याला हाक मारून सांगावं लागलं.

निघायच्या वेळी आबा गाडीजवळ गेले. एक पाय टाकून सीटवर बसले, हँडल धरलं आणि उतरायलाच तयार होईनात. शेवटी तशीच दोरी बांधून ट्रॅक्टरनं गाडी वरच्या गावापर्यंत ओढत नेली. आबा आत ताठ बसून हँडल सांभाळत होते. वरच्या गावात बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, "आबा, कुनाची वो ही गाडी?"

"पोराची हाय माज्या," आबा म्हणाले. "हातानं केलीया त्यानं."

नवरा ट्रॅक्टरवर माझ्या शेजारी बसला होता. त्याचं नाक लाल झालं होतं, आणि ते धुळीनं झालं असं मी धरून चालले.

बारामतीच्या एसटीची वाट बघत आम्ही दोघं स्टँडवर बसलो होतो, आबा पलीकडं कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होते. जे पाहिलं ते माझ्या पोटात राहत नव्हतं. मी ठरवलं होतं बोलायचं नाही, आणि मी तोंड उघडलंही नव्हतं. नवराच म्हणाला, "तात्यांनी श्वास घेतला हुता. आधीच."

"तुम्हाला दिसलं?"

"समोरनंच येत हुतो की मी. हार हलला."

"मग बोलला का नाहीत?" मला खरंच राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "तुम्हाला तर खरा मोडायचा होता ना?"

त्यानं हाताला लागलेलं ग्रीस पँटला पुसलं. "आबांकडं देन्यासारखं तेवढंच हुतं," तो म्हणाला. "ते त्यांनी मला दिलं. त्ये मी परत कसं करू?"

एसटी लागली. आबांनी लांबूनच हाक मारली आणि आपल्या शेजारी लेकासाठी जागा धरली.